सीपीयू पाच टक्के, तरी साइट बंद : हलका वेब सर्व्हर घ्यावा का?

पोथीवाला (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यातली पाच-सहा माणसं जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करतो. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटून गेलेली, म्हणजे स्वामित्वहक्क संपलेली, तेवढीच. चरईत एका मित्राच्या माळ्यावर स्कॅनर आहे. शनिवार-रविवार तिथं धूळ खातो (आम्ही, स्कॅनर नव्हे). एकेक पीडीएफ ३० ते ६० एमबीची.

साइट भाड्याच्या छोट्या यंत्रावर आहे : १ जीबी रॅम, एक कोअर, लिनक्स, अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी भाषेतल्या स्क्रिप्ट. तीन वर्षं काही कुरकुर नव्हती. गेल्या महिन्यात आमची लिंक कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेआठ ते दहा साइट मरते. दुपारी आपोआप उठून बसते. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा गचके. वेळा पाहून लक्षात आलंच असेल, लोक लोकलमध्ये लटकत पुस्तकं उतरवून घेतात.

कोडं असं की त्या वेळी आत शिरून बघावं तर सीपीयू पाच टक्के. नेटवर्कही निवांत. पूर्वी रॅम भरून यंत्र गुदमरायचं म्हणून मीच अपाचीच्या प्रोसेसवर (एका वेळी चालणाऱ्या त्याच्या प्रतींवर) २५ ची मर्यादा घातली आहे. त्या पंचवीसच्या पंचवीस 'उत्तर पाठवत आहे' अशा अवस्थेत दिसतात.

होस्टिंगवाले म्हणतात, मोठं यंत्र घ्या. पैसे आमच्याच खिशातले आहेत, त्यामुळे आधी इथं विचारतोय. एन्जिनेक्स किंवा लाइटीपीडी असा हलका सर्व्हर घेऊन फरक पडेल का, की रोग दुसराच आहे?

खारीगाव_फाटक
मंगळवार, रात्री ११:५८

पहिला प्रश्न : पीडीएफ थेट देता की पीएचपीतून?

पोथीवाला
बुधवार, रात्री १२:०४

पीएचपीतून. स्क्रिप्ट आधी डेटाबेसात आकडा एकने वाढवते, मग फाइल वाचून पाठवते. किती जणांनी पुस्तक नेलं ते कळावं म्हणून.

महापे_नाइटशिफ्ट
बुधवार, पहाटे २:३०

मग रोग सापडला. (रात्रपाळीला आहे, बाजूला चहा आहे, लांबण लावणार.)

हिशोब करू. ६० एमबीची फाइल, समोरच्याचा फोन गर्दीत सेकंदाला १ मेगाबिट ओढतोय. ४८० मेगाबिट म्हणजे ४८० सेकंद, आठ मिनिटं. या आठ मिनिटांत तुमची एक अख्खी अपाची प्रोसेस, पोटात पीएचपीचं बिऱ्हाड घेऊन, त्या एका माणसासाठी थांबून आहे. पंचवीस प्रोसेस, प्रत्येकी आठ मिनिटं : मिनिटाला जेमतेम तीन पुस्तकं. बाहेर जाणारा डेटा फार तर २५ मेगाबिट, म्हणून नेटवर्क निवांत. प्रोसेसला करायला काम नाही, म्हणून सीपीयूही निवांत. थकलेलं कुणीच नाही. सगळे ताटकळलेत.

त्यात कुणी मेल-एक्सप्रेसमध्ये असेल आणि ती ठाण्यापुढच्या पारसिकच्या बोगद्यात शिरली की रेंज जाते. फोन गप्प, प्रोसेस उभी. गाडी दिव्याकडे बाहेर येईपर्यंत तीही बोगद्यातच.

तेव्हा मोठं यंत्र घेतलंत तर पंचविसाचे पन्नास होतील, मिनिटाला सहा पुस्तकं जातील. पुढच्या ग्रुपवर लिंक फिरली की पुन्हा हाच धागा काढाल.

सुगरण_नौपाडा
बुधवार, सकाळी ९:१५

मी तांत्रिक नाही, पण पोथीवाल्यांच्या साइटवरून पुस्तकं नेणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे गुन्ह्यात सहभागी. ते 'ताटकळणं' जरा इस्कटून सांगाल का? आणि हलका सर्व्हर म्हणजे हलका काय असतो त्यात?

महापे_नाइटशिफ्ट
बुधवार, सकाळी ९:५०

ताई, पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. आपण डबा ठेवतो, वर नावाची चिठ्ठी टाकतो आणि भाजी घ्यायला जातो. गिरणीवाला एकच, डबे चाळीस. तो कुणाची वाट बघत नाही. जो डबा पुढं सरकवता येईल तो सरकवतो.

आता दुसरी गिरणी बघा. इथं प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक माणूस दिलाय आणि तुमचं शेवटचं मूठभर पीठ तुमच्या पिशवीत पडेपर्यंत त्यानं हलायचं नाही. तुम्ही मुठीमुठीनं पीठ भरताय, मध्येच फोन घेताय. तो उभाच. अशी माणसं पंचवीस, आणि सव्विसावं गिऱ्हाईक रस्त्यावर. चक्की मात्र थंड. पोथीवाल्यांची अपाची ही दुसरी गिरणी आहे. एन्जिनेक्स, लाइटीपीडी पहिल्या जातीचे. तिथं गिऱ्हाईक म्हणजे फक्त एक चिठ्ठी : कोण, कुठली फाइल, कितव्या बाइटपर्यंत गेली. चिठ्ठीला जागा किलोबाइटांत लागते, माणसाला दहा-वीस मेगाबाइट. हलकेपणा तो एवढाच.

विहंगावलोकन
बुधवार, दुपारी १:२०

गिरणीवरून आठवलं, थोडा इतिहास. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी 'सी-टेन-के' या नावानं हा प्रश्न मांडला : एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळता येऊ नयेत? लेखात पुढं त्यांनी उदाहरणाला घेतलेलं यंत्र १००० मेगाहर्ट्झ, २ जीबी रॅमचं होतं. त्यांचं म्हणणं होतं की यंत्र पुरेसं आहे, अडतंय ते प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीवर.

अडायचं असं : 'सिलेक्ट' नावाच्या जुन्या सोयीत गिरणीवाल्याला दर फेरीला सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघावी लागत. वर लिनक्सवर १०२४ च्या पुढचे डबे त्याला दिसतच नसत. २००० मध्ये लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडीत केक्यू ही नवी सोय आली, २००२ मध्ये लिनक्सच्या प्रायोगिक २.५ कर्नलमध्ये (गाभ्यात) तशीच ईपोल. आता कर्नलच सांगतो, 'हे सात डबे तयार आहेत'. बाकीचे हजारो बघायची गरज उरली नाही.

त्याच सुमाराला, २००२ मध्ये इगोर सिसोएव यांनी रॅम्ब्लर या रशियन पोर्टलमध्ये असताना एन्जिनेक्स लिहायला घेतला आणि २००४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. यान क्नेश्के यांचा लाइटीपीडी २००३ चा. तो तर मुळात या दहा हजारांच्या प्रश्नाला 'हे बघा, जमतं' म्हणून दाखवण्यासाठीच लिहिलेला.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), अपाचीला उगाच शिव्या नकोत. २.४ पासून त्यातही 'इव्हेंट' नावाची पद्धत पक्की झाली आहे. पीएचपी पोटातून काढून एफपीएममध्ये, म्हणजे तिच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, बाहेर ठेवली की तीही बरीच सुधारते. पोथीवाल्यांकडे जुनी प्रीफोर्क मांडणी (गिऱ्हाइकामागे एक प्रोसेस) आहे, त्रास तिचा आहे.

चरईकर
बुधवार, दुपारी ३:०५

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

खारीगाव_फाटक
बुधवार, रात्री ८:४०

पोथीवाले, माझं मत : लाइटी घ्या. एन्जिनेक्स वाईट म्हणून नव्हे, मी ऑफिसात तोच चालवतो. पण तुमचं काम एक कोअर, ढीगभर स्थिर फाइली आणि थोडी पीएचपी एवढंच आहे. लाइटी मूळ रूपात एकच प्रोसेस, एकच फेरा. हवं ते मॉड्यूल (जोडभाग) यादीत लिहायचं, नको ते चढतच नाही.

चार गोष्टी आधीच बघा. उघड्या फाइलींची मर्यादा बहुतेक लिनक्सवर १०२४ असते. जोडणीला एक आणि तिच्या पीडीएफला एक धरलं तर पाचशेच्या आसपास दार बंद, ती वाढवा. एका जोडणीचा वेग बांधायची सोय आहे, कुणी घरच्या फायबरवरून सगळी साइट ओढायला लागलं तर उपयोगी. पीडीएफ आधीच आवळलेली असते, तिला पुन्हा जीझिपची आवळणी लावून सीपीयू जाळू नका. एचटीएमएलला मात्र जरूर लावा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं आणि त्यातला पहिला सगळ्यांचा सारखा, त्यामुळे मराठी पानं छान आवळली जातात.

आणि लिहिताना थांबायची मुदत, जिला लाइटी मॅक्स-राइट-आयडल म्हणतो, ती मुळात ३६० सेकंद आहे. 'कडक' करायच्या नादात मी एकदा ती २० वर आणली आणि बोगद्यातल्या सगळ्यांना हाकलून दिलं.

पोथीवाला
रविवार, सकाळी ११:१०

मंडळी, दंडवत. गुरुवारी रात्री लाइटी बसवला. शुक्रवारी सकाळी नऊला १९० जोडण्या आणि साइट उभी! लाइटी स्वतः काही एमबीत भागवतो, बाकी रॅम लिनक्स फाइली लक्षात ठेवायला वापरतो, त्यामुळे मागणीतली पुस्तकं डिस्कला हात न लावता जातात.

पण दोन नवी दुखणी. एक : बोगद्यात तुटलेलं डाउनलोड पुन्हा शून्यापासून सुरू होतं, अशा तक्रारी. दोन : शनिवारी मी स्वतः एक उद्योग केला, त्याचं पुढच्या प्रतिसादात. मुलीला क्लासला सोडून येतो.

महापे_नाइटशिफ्ट
रविवार, सकाळी ११:३५

पहिल्याचं उत्तर : अजून पीएचपीतूनच देताय ना? फाइल थेट सर्व्हरनं दिली तर 'अमुक बाइटपासून पुढचं द्या' ही मागणी तो ओळखतो आणि २०६ क्रमांकाचं उत्तर देऊन उरलेलंच पाठवतो. तुमच्या स्क्रिप्टला ती मागणी कळत नाही, ती बिचारी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसते.

पोथीवाला
रविवार, दुपारी १२:५०

हो, पीएचपीच. आता उद्योग. आकडा मोजायचा तर पीएचपी कशाला, म्हणून लाइटीचं मॅग्नेट मॉड्यूल घेतलं. त्यात सर्व्हरच्या पोटात लुआ भाषेतले छोटे तुकडे चालवता येतात. तुकडा लिहिला : पीडीएफ मागितली की डेटाबेसात एक वाढव, मग जाऊ दे. वीस ओळी. घरी झकास चालला. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर आहे, तो संध्याकाळी जरा सुस्तावला, एकेका नोंदीला दोन सेकंद. तर अख्खी साइट दोन-दोन सेकंदांच्या उचक्या द्यायला लागली. ज्यांना पीडीएफ नको, नुसतं मुखपृष्ठ हवं, त्यांनासुद्धा! १९० जोडण्या हसत झेलणारा सर्व्हर वीस ओळींनी झोपला. हे का झालं?

सुगरण_नौपाडा
रविवार, दुपारी २:१५

अहो, गव्हाच्या चक्कीत मिरची दळायला दिलीत की! आमच्या गिरणीत मिरची-मसाल्याला वेगळी चक्की असते ती उगाच नाही.

महापे_नाइटशिफ्ट
रविवार, दुपारी २:२२

ताईंनी माझ्या पोटावर पाय आणला. :)

अगदी हेच. लाइटीत गिरणीवाला एकच. मॅग्नेटमधला लुआ तो स्वतः चालवतो, आणि त्यात डेटाबेसची वाट बघायला लावलीत तर त्या दोन सेकंदांत बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या पडून. लाइटीच्या माहितीपुस्तिकेतही हा इशारा आहे. लोक 'एक्स्टेन्सिबल' (आत भर घालता येणारा) शब्दाला भुलून काहीही आत कोंबतात. अशा सर्व्हरच्या आत पत्ता बदलणं, हेडर (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळी) लावणं, 'देखभाल चालू आहे' पान दाखवणं एवढं शोभतं. जे थांबू शकतं, म्हणजे डेटाबेस, दुसऱ्या सर्व्हरला फोन, ईमेल, ते फास्टसीजीआय किंवा प्रॉक्सी (काम बाहेर सोपवायच्या सोयी) यांच्या पलीकडे, वेगळ्या प्रोसेसमध्ये. ती थांबली तर ती एकटी थांबेल. एन्जिनेक्समध्ये चार वर्कर (म्हणजे चार गिरणीवाले) असतील तर हीच चूक चारांपैकी एकाला आडवं करते. रोग कमी दिसतो म्हणून जास्त दिवस लपतो.

खारीगाव_फाटक
रविवार, दुपारी ४:००

मुळात त्या क्षणी मोजायचंच कशाला? लॉग (सर्व्हरची नोंदवही) आहे ना! रात्री तीन वाजता लॉगवरून हिशोब लावा. फक्त ओळी मोजू नका. ब्राउझरमधला पीडीएफ वाचक फाइल तुकड्यातुकड्यानं मागतो, एक पुस्तक चाळीस ओळींतही दिसेल. एक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), एक फाइल, एक दिवस म्हणजे एक वाचन धरा. मोबाइल कंपन्या अनेकांना एकाच आयपीआड बसवतात, त्यामुळे थोडे कमीच मोजले जातील. तुम्हाला निवडणूक लढवायची नाहीये.

पीडीएफ उघड्या फोल्डरात ठेवा, मधली पीएचपी काढून टाका. बोगद्याचंही दुखणं त्यातच जाईल.

पोथीवाला
रविवार, सायंकाळी ६:३०

लॉगचं डोक्यातच आलं नाही. लाज वाटली. पण मुद्रितशोधनाला बसणाऱ्यांसाठी मूळ प्रतिमा आहेत, त्या लॉगिनशिवाय द्यायच्या नाहीत. तिथं तर पीएचपी हवीच?

महापे_नाइटशिफ्ट
रविवार, सायंकाळी ७:१०

हवी, पण हमाली करायला नको. पीएचपीनं लॉगिन तपासायचं आणि मजकुराऐवजी 'एक्स-सेंडफाइल' हेडरात फाइलचा पत्ता लिहून मोकळं व्हायचं. लाइटी तो हेडर बघतो, बाहेर जाऊ देत नाही आणि फाइल स्वतः पाठवतो. एन्जिनेक्समध्ये हेच 'एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट'. पीएचपी काही मिलिसेकंदांत सुटते, आठ मिनिटं उभी राहत नाही. कुठल्या फोल्डरातून द्यायला परवानगी आहे ते कॉन्फिगमध्ये बांधून ठेवा, नाहीतर स्क्रिप्टमधल्या एका चुकीनं पासवर्डची फाइलही सुखरूप घरपोच होईल.

नेरुळी
रविवार, रात्री ९:४५

काका-ताई लोक, धाग्यात घुसतोय. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हे सगळं वाचून सी मध्ये ईपोल वापरून स्वतःचा सर्व्हर लिहिला, साडेतीनशे ओळी. 'हॅलो वर्ल्ड'ला एन्जिनेक्सपेक्षा फास्ट! पण कुणी डाउनलोड चालू असताना टॅब बंद केला की अख्खा सर्व्हर मरतो. एरर पण नाही. आणि मोठी फाइल कधी कधी अर्धीच जाते.

खारीगाव_फाटक
रविवार, रात्री १०:३०

शाब्बास रे पठ्ठ्या. फास्ट आहे कारण अजून काहीच करत नाही.

मरतो तो सिगपाइपमुळे. समोरच्यानं बंद केलेल्या सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) लिहिलंस की कर्नल तो सिग्नल पाठवतो, आणि त्याचा मूळ अर्थ 'मर' असाच आहे. तो दुर्लक्षित कर, म्हणजे राइटकडून (लिहायच्या हाकेकडून) ईपाइप एरर मिळेल. मग फक्त ती जोडणी बंद कर.

अर्धी फाइल : राइटला ६४ केबी दिलेस म्हणजे ६४ केबी गेले असं नाही. तो किती गेले ते सांगतो. सॉकेटचं पोट भरलं की ईअगेन, म्हणजे 'नंतर ये', म्हणतो. तिथं जोडणीच्या चिठ्ठीवर 'इथवर आलो' लिहायचं आणि ईपोलला सांगायचं, जागा झाली की हाक मार. वाचतानाही तेच, हेडर दोन तुकड्यांत येऊ शकतो, दुसरा तुकडा दहा सेकंदांनी. काही जण मुद्दाम एकेक ओळ टाकत बसतात. २००९ मध्ये स्लोलोरिस नावाचं हत्यार याच युक्तीवर निघालं आणि त्यानं प्रीफोर्कवाल्यांना रडवलं. तेव्हा मुदती घाल.

आणि पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन फोल्डरच्या बाहेर जाता येतं का ते आज रात्रीच तपास. कॉलेजच्या वायफायवर चालवत असशील तर आत्ताच.

नेरुळी
रविवार, रात्री ११:५५

तपासलं. जाता येतं. बंद केला. :(

ऐरोली_खाडीकडे
सोमवार, सकाळी ८:२०

अवांतर : असाच सर्व्हर घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवावा म्हणतोय. भाडं वाचेल. फायबर आहे, पण बाहेरून काही केल्या जोडला जात नाही.

विहंगावलोकन
सोमवार, सकाळी १०:०५

राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यानं सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्याआड आहात, पोर्ट उघडून काही होणार नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळत असेल तर ते, नाहीतर बाहेर एक छोटं यंत्र भाड्यानं घेऊन तिथून घरापर्यंत जोडणीचा 'बोगदा'. म्हणजे भाडं आलंच. रास्पबेरी पाय चालवलातच तर लॉग मेमरी कार्डावर लिहू नका, सारख्या लिहिण्यानं कार्ड झिजून मरतं.

पोथीवाला
बुधवार, रात्री १०:१५

अपडेट. पीडीएफ आता थेट जातात, प्रतिमा एक्स-सेंडफाइलनं, मोजणी रात्री लॉगवरून. लुआचा तुकडा पुसला. आज सकाळी ९:१० ला ३१० जोडण्या होत्या, सीपीयू चार टक्के. म्हणजे तो पूर्वीही झोपलेलाच होता, आता मी पण झोपू शकतो. यंत्र तेच, भाडं तेच.

एकच विचित्र गोष्ट उरली. एका पुस्तकाच्या 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' नावाच्या फाइलला ४०४ (सापडत नाही) येतो. फाइल आहे, नाव अक्षरन् अक्षर तेच. तीनदा टाइप करून पाहिलं. बाकी सगळी मराठी नावं चालतात.

महापे_नाइटशिफ्ट
गुरुवार, पहाटे १:४०

ती फाइल कुणी मॅकवरून चढवली का?

पोथीवाला
गुरुवार, सकाळी ७:३०

हो! चरईकरांनी. तुम्हाला कसं कळलं?

महापे_नाइटशिफ्ट
गुरुवार, सकाळी ७:५५

'ऱ्या' मुळे. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकतर स्वतंत्र ऱ, तीन बाइट. नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता, मिळून सहा बाइट. पडद्यावर दोन्ही सारखे. जुनी मॅकची फाइलव्यवस्था नावं फोडून ठेवायची, त्यामुळे तुमच्याकडे सहा बाइटवालं नाव आलं. लिंकमध्ये तीन बाइटवालं आहे. लिनक्सला अक्षर कळत नाही, बाइट कळतात, त्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नावं. नेहमीच्या मराठी अक्षरांत हा घोळ याच एकाचा, म्हणून बाकीची चालतात. कॉन्व्हएमव्ही नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याला एनएफसी (जोडून लिहिलेलं रूप) सांगून सगळ्या फोल्डरावरून फिरवा.

चरईकर
गुरुवार, सकाळी ८:४०

माझ्यावर खापर फुटणार हे माहीतच होतं. पोथीवाले, 'कोऱ्या', 'गोऱ्या', 'वाऱ्या' सगळं शोधा, मी दोन महिने मॅकवरूनच चढवतोय.

पोथीवाला
गुरुवार, सकाळी ९:०५

सतरा निघाल्या.